अस्सल रंग : जीर्णोद्धार, पाठनिश्चिती आणि सचोटी

१

जुन्या वस्तूचा जीर्णोद्धार करावयाचा म्हटले की तिचे मूळ रूप कोणते होते हा प्रश्न टाळता येत नाही. साहित्याच्या अभ्यासकाला तो संहितेच्या निमित्ताने चांगलाच परिचित आहे. एकाच ग्रंथाच्या अनेक पोथ्या समोर असतात, त्यांतील पाठ परस्परांशी जुळत नाहीत, आणि संपादकाला त्यांतून एक पाठ निवडून छापावा लागतो. या निवडीमागे ज्ञानविषयक भूमिका असते तशी नैतिक भूमिकाही असते. परंतु ग्रंथांच्या बाबतीत ती तंत्राच्या चर्चेआड सहसा झाकली जाते. म्हणून प्रस्तुत लेखात हा प्रश्न साहित्याबाहेरच्या, प्रथमदर्शनी किरकोळ वाटणाऱ्या एका क्षेत्रात नेऊन पाहावयाचा आहे. ते क्षेत्र म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील लष्करी वाहनांना त्यांचा तत्कालीन रंग पुन्हा देण्याचा उद्योग.

युरोपात, अमेरिकेत आणि अन्यत्रही संग्रहालये व खाजगी संग्राहक त्या काळातील जीप, ट्रक, चिलखती गाड्या आणि रणगाडे दुरुस्त करून पुन्हा उभे करतात. सांगाडा, चाके, इंजिन यांविषयीचे मतभेद बहुधा मोजमापाने मिटतात. रंगाविषयीचे मतभेद मिटत नाहीत. १९४३ सालच्या गाडीचा हिरवा नेमका कोणता हिरवा, यावर या विषयाचे जाणकार वर्षानुवर्षे वाद घालीत आले आहेत. हा छांदिष्टांचा वाद म्हणून सोडून देणे सोपे आहे. तथापि त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न असा : जो काळ पुन्हा पाहता येत नाही त्याच्याविषयी 'हे असेच होते' असे विधान आपण कोणत्या अधिकाराने करतो, आणि त्या विधानाची जबाबदारी कशी पेलतो? अस्सलता हा रंगाच्या अंगचा गुण म्हणून शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. रंगाविषयी केलेल्या विधानाचा गुण म्हणून तिच्याकडे पाहिले तर मात्र तिला अर्थ प्राप्त होतो, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

पहिली अडचण नावांची. 'खाकी' हा शब्द घ्यावा. फारसीत 'खाक' म्हणजे धूळ, माती; मराठीत तो 'जळून खाक होणे' या प्रयोगातून राखेच्या अर्थाने रुळला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेशावरच्या सरहद्दीवर उभारलेल्या गाइड्स पलटणीच्या धुळकट गणवेशाबरोबर हा शब्द इंग्रजी लष्करी परिभाषेत शिरला. मराठी वाचकाच्या मनात खाकी म्हणताच पोलिसाच्या गणवेशाचा पिवळसर तपकिरी रंग उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धाच्या पूर्वार्धात ब्रिटिश सैन्याच्या वाहनांना दिल्या जाणाऱ्या एका रंगाचे अधिकृत नाव मात्र 'खाकी ग्रीन क्रमांक ३' असे होते. म्हणजे धुळीचे नाव धारण करणारा हा हिरवा. अमेरिकन सैन्याच्या 'ऑलिव्ह ड्रॅब'ची गोष्टही अशीच. त्याच्या कृतीत प्रामुख्याने पिवळी माती आणि काळे रंगद्रव्य असे; या दोहोंच्या मिश्रणातून डोळ्याला जो हिरवटपणा जाणवतो त्याला ऑलिव्हचे नाव मिळाले. नाव वस्तूकडे निर्देश करते. तिची छटा ते निश्चित करीत नाही.

नावाची संदिग्धता क्रमांकाने दूर होईल अशी अपेक्षा असते. जर्मनीत १९२५ मध्ये स्थापन झालेल्या 'राल' या मानकसंस्थेने १९२७ मध्ये ४० रंगांची पहिली सूची काढली, आणि पुढे जर्मन सैन्याचे रंग याच क्रमांकांनी ओळखले जाऊ लागले. आजचा संग्राहक '७०२१' म्हणतो तेव्हा त्याला एक गडद करडा रंग अभिप्रेत असतो. पण क्रमांक हे अखेरीस एका नमुनापट्टीचे नाव आहे. आणि पट्टीही रंगाचीच बनलेली असल्याने तीही जुनी होते, बदलते, नव्या रंगद्रव्यांनी पुन्हा छापली जाते. युद्धाच्या उत्तरार्धातील जर्मन वाहनांचा प्रसिद्ध गडद पिवळा ज्या ७०२८ या क्रमांकाने ओळखला जातो, तो क्रमांक 'राल'च्या आजच्या प्रचलित सूचीत नाही. अमेरिकन वाहनांच्या बाबतीत तर कालविपर्यास उघडच आहे. त्यांच्यासाठी वारंवार उद्धृत केले जाणारे क्रमांक अमेरिकन सरकारच्या ज्या रंगमानकातील आहेत, ते मानक १९५६ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यानंतर ११ वर्षांनी अस्तित्वात आले. उत्तरकालीन व्याकरणाने आधीच्या कवीचे प्रयोग शुद्ध किंवा अशुद्ध ठरवावेत, तसा हा व्यवहार आहे. तो निरुपयोगी आहे असे नाही. परंतु त्यातून मिळणारी निश्चिती ही आपल्या काळाची निश्चिती होय, याचे भान सुटता कामा नये.

३

आता साक्षीदारांकडे वळू. पाठचिकित्सक ज्याप्रमाणे प्रत्येक पोथीचे वंशवृत्त आणि दोष तपासतो, त्याप्रमाणे रंगाच्या प्रत्येक पुराव्याचे दोष तपासावे लागतात.

सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार वाटतो तो गाडीवर उरलेला मूळ रंग. एखादा पत्रा उचकटला, एखादी पट्टी काढली की तिच्याखाली ऊन-पाऊस न लागलेला रंगाचा तुकडा सापडतो, आणि 'हाच तो' असे संग्राहकाला वाटते. परंतु त्या काळच्या पुष्कळ रंगांचा वाहक जवसाचे तेल किंवा त्यापासून बनविलेले राळमिश्रण असे. जवसाचे तेल अंधारात राहिले की पिवळे पडते, आणि उजेडात त्याचा पिवळेपणा उतरतो. उन्हात राहिलेला रंग वेगळ्या दिशेने बदलतो : तो खडूसारखा भुरकट होतो. म्हणजे झाकलेला तुकडा एका बाजूने ढळलेला आणि उघडा तुकडा दुसऱ्या बाजूने. दोन्ही प्रती मूळ, आणि दोन्ही भ्रष्ट.

दुसरा साक्षीदार छायाचित्र. युद्धकाळातील बहुसंख्य छायाचित्रे कृष्णधवल आहेत. त्यांनी अभ्यासकांची केवढी दिशाभूल केली याचे एक बोधप्रद उदाहरण जर्मन रणगाड्यांचे आहे. युद्धाच्या आरंभीचे जर्मन रणगाडे एकरंगी, गडद करडे होते असे दीर्घकाळ मानले जात असे. चित्रे, प्रतिकृती आणि जीर्णोद्धार त्याच समजुतीने होत राहिले. पुढे सैन्याचे लेखी आदेश तपासले गेले तेव्हा निराळेच चित्र समोर आले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जुलै १९४० पर्यंतचा नियम दोन-तृतीयांश गडद करडा आणि एक-तृतीयांश गडद तपकिरी असा होता. कृष्णधवल फितीवर हे दोन्ही रंग जवळजवळ एकच दिसतात. आदेश वाचल्यानंतर तीच छायाचित्रे पुन्हा पाहिली गेली आणि अनेकांत पुसट पट्टे दिसू लागले. पट्टे आधीही तेथे होते. ते पाहण्याची अपेक्षा नव्हती. वाचकाची अपेक्षा संहितेतील काय दृश्य होऊ देते आणि काय होऊ देत नाही, या समीक्षेतील परिचित प्रश्नाचे इतके रोकडे उदाहरण विरळा. रंगीत छायाचित्रे होती, कारण कोडाक्रोम १९३५ मध्ये आणि अ‍ॅग्फाची रंगीत फीत १९३६ मध्ये आली. पण फितीच्या प्रत्येक प्रकाराला स्वतःची रंगप्रवृत्ती असते आणि तिच्यातील रंजके काळाबरोबर उडतात. रंगीत छायाचित्र हे रंगाचे भाषांतर आहे, आणि भाषांतरकाराची शैली त्यात उतरतेच.

तिसरी अडचण साक्षीदाराची नव्हे, साक्ष ऐकणाऱ्याची. वेगवेगळ्या रंगद्रव्यांपासून बनविलेले दोन रंग एका प्रकाशात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या प्रकाशात स्पष्टपणे वेगळे दिसतात. जुन्या रंगात शिशाचे क्रोमेट असेल, तर आरोग्याला असलेल्या धोक्यामुळे आज ते वापरणे योग्य नाही. त्यामुळे जुळवणी वेगळ्याच द्रव्यांनी करावी लागते. अशी जुळवणी कार्यशाळेच्या दिव्याखाली परिपूर्ण असली तरी दुपारच्या उन्हात फसू शकते. अनुवादात एका वाक्याचा अर्थ साधला आणि पुढच्याच वाक्यात सूर गेला, असा अनुभव येतो, त्याच जातीचे हे अपयश आहे.

४

या सर्व अडचणी ज्ञानाच्या मर्यादेच्या आहेत असे समजून कोणी म्हणेल की मूळ छटा एकच होती, आपल्यापाशी ती कळण्याची साधने अपुरी आहेत इतकेच. हे गृहीतकच तपासण्यासारखे आहे.

फेब्रुवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने वाहनांचा पायाभूत रंग बदलून गडद पिवळा केला आणि त्यावर ऑलिव्ह हिरवा व तांबूस तपकिरी यांचे पट्टे ओढण्याचे काम रणगाड्यावरील सैनिकांवर सोपविले. हे दोन रंग घट्ट लगद्याच्या रूपात डब्यांतून पुरविले जात आणि जागेवर पेट्रोल किंवा पाणी घालून पातळ केले जात. किती पातळ, हे हाताशी काय आहे आणि वेळ किती आहे यावर अवलंबून असे. हिवाळ्यात त्यावर पांढरा हात फिरे आणि वसंतात तो खरवडला जाई. १९४४ च्या अखेरीस टंचाई इतकी वाढली की गंजरोधक तांबड्या अस्तराचा काही भाग तसाच उघडा ठेवून त्यावरच पट्टे दिले जाऊ लागले. ब्रिटनमध्ये १९४१ नंतर वाहने तपकिरी होऊ लागली, कारण हिरव्यासाठी लागणाऱ्या क्रोमियमच्या रंगद्रव्याचा तुटवडा होता. १९४४ मध्ये ती पुन्हा हिरवट झाली, आणि त्यात अमेरिकेहून येणारी वाहने पुन्हा रंगवावी लागू नयेत हा व्यवहारी हेतू होता. रंगाचा इतिहास हा अशा रीतीने खाणींचा, जहाजांचा आणि टंचाईचा इतिहास आहे. त्या रंगात सौंदर्यदृष्टीचा निर्णय जवळजवळ नाहीच.

मग 'मूळ' कोणते? बर्लिनच्या कचेरीतील नमुनापट्टी, कारखान्याच्या पिंपातला रंग, की रशियाच्या चिखलात उभ्या असलेल्या सैनिकाने जुन्या फडक्याने फासलेला लगदा? साहित्यसमीक्षेत लेखकाच्या हेतूला अर्थनिर्णयनात कितपत स्थान द्यावे हा वाद विमसॅट आणि बिअर्डस्ली यांच्या १९४६ च्या निबंधापासून चालू आहे. जेरोम मॅकगन यांनी १९८३ मध्ये पाठचिकित्सेपुरता तो पुढे नेऊन, संहितेचा अधिकार एकट्या लेखकापाशी नसतो, प्रकाशक, मुद्रक, संपादक अशा सामाजिक व्यवहारात तो विभागलेला असतो, असे मांडले. लष्करी रंगाला ही मांडणी साहित्यकृतीपेक्षाही अधिक लागू पडते, कारण त्याला एक लेखकच नाही. त्याचे मूळ म्हणजे एक बिंदू नसून एक पट्टा आहे, आणि त्या पट्ट्यातील विविधता हा अपघात म्हणता येणार नाही. युद्धपरिस्थितीत रंगविण्याची पद्धतच तशी होती.

यातून एक विरोधाभास लक्षात येतो. हा रंग दिसू नये म्हणून दिला गेला होता. झाडीत, धुळीत, बर्फात गाडी नजरेतून निसटावी एवढेच त्याचे प्रयोजन. छटा थोडी इकडेतिकडे झाली तरी प्रयोजनाला बाध येत नसे. आज त्याच रंगाकडे भिंग घेऊन पाहिले जाते आणि त्या काळी कोणी न मागितलेली अचूकता त्याच्याकडून मागितली जाते. अतिनेमकेपणा हाच येथे कालविपर्यास ठरतो.

५

मूळ हा पट्टा असेल तर कोणताही रंग चालेल काय? तसे नाही. नेमके बरोबर काय हे सांगता येत नसले तरी चूक काय हे पुष्कळदा निश्चितपणे सांगता येते. धुवायला सोपी जाते म्हणून चकचकीत रंगविलेली १९४४ ची जीप चूक आहे, कारण त्या वेळचा रंग मुद्दाम चकाकीरहित ठेवलेला होता. चकाकी शत्रूच्या वैमानिकाला दिसते. फेब्रुवारी १९४३ च्या आदेशानंतर वर्षाने कारखान्यातून निघालेला रणगाडा अंगभर करडा दाखविणे चूक आहे. पाठचिकित्सेतही त्याज्य पाठ ओळखणे हे मूळ पाठ गवसण्यापेक्षा अधिक खात्रीचे काम असते.

या संदर्भात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीकडे पाहणे उद्बोधक ठरेल. १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि हरिवंश वगळता महाभारताचे संपादन १९६६ मध्ये संपले. आपण सिद्ध केलेली संहिता म्हणजे व्यासांची मूळ रचना, असा दावा सुकथनकरांनी केला नाही. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जितके मागे जाता येते तितके मागचे रूप, एवढाच त्यांचा दावा होता. आणि जेथे स्वीकारलेला पाठही पूर्ण खात्रीचा नव्हता तेथे त्यांनी त्याखाली एक नागमोडी रेघ छापली. सर्व पाठभेद पानाच्या खालच्या भागात दिले. संपादकाने निर्णय घेतला, पण निर्णयाबरोबर स्वतःचा संशयही वाचकाच्या हाती ठेवला. ही नागमोडी रेघ मुद्रणाची सोय असेल. मला ती विद्वत्तेच्या नीतीची खूण वाटते.

रंगाला अशी रेघ नाही. पृष्ठभागावर फासलेला रंग सर्वत्र सारख्याच ठामपणे बोलतो. खात्रीचा भाग आणि अंदाजाचा भाग यांत तो फरक करीत नाही. स्मारकांच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने, अनुमानाला आरंभ होतो तेथे जीर्णोद्धाराने थांबावे, असे तत्त्व सांगितले. भग्न देवालयाच्या बाबतीत ते पाळता येते; पडलेला खांब पडलेलाच ठेवता येतो. पत्र्याच्या गाडीला मात्र गंजापासून वाचवावेच लागते, आणि अंदाजाने रंगविलेला भाग कोरा सोडता येत नाही. अनुमान अटळ आहे. म्हणूनच ते जाहीर करण्याचे कर्तव्य अधिक कठोर होते.

त्याहून गंभीर गोष्ट अशी की पोथी वाचल्याने पोथी नष्ट होत नाही, पण गाडी नव्याने रंगविताना बहुधा वाळूच्या माऱ्याने जुना रंग पत्र्यापर्यंत खरवडून टाकला जातो. म्हणजे नवी प्रत तयार करण्यासाठी एकमेव हस्तलिखित जाळावे असा हा प्रकार. अस्सल रंगाच्या नावाने खरोखर अस्सल असलेला रंग नाहीसा होतो, आणि उद्या अधिक चांगल्या पद्धतीने तो तपासू पाहणाऱ्याला काहीच उरत नाही. ज्या पिढ्या अजून प्रश्न विचारायच्या आहेत त्यांचा पुरावा वापरून टाकण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न छटेच्या वादापेक्षा निःसंशय मोठा आहे. काही काळजीवाहू पुनर्स्थापक सर्व थरांसह मूळ रंगाचा एक चौकोन आडबाजूला तसाच राखतात आणि बाकीच्या कामाची टिपणे ठेवतात. तो चौकोन हीच त्यांची नागमोडी रेघ.

६

थर म्हटले की आणखी एक प्रश्न येतो : कोणता क्षण पुन्हा उभा करावयाचा? युद्धातून वाचलेल्या बहुतेक वाहनांना युद्धानंतरही आयुष्य होते. अन्य देशांच्या सैन्यांनी, शेतकऱ्यांनी, ठेकेदारांनी ती वापरली आणि पुन्हापुन्हा रंगविली. भारतापुरते पाहिले तर शर्मन रणगाड्याचे उदाहरण पुरेसे आहे. १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील मेइक्तिलाच्या मोहिमेत डेक्कन हॉर्स ही पलटण शर्मन रणगाडे घेऊन लढली. १९६५ मध्ये पंजाबातील असल उत्तर येथे स्वतंत्र भारताच्या सैन्यात तीच पलटण शर्मन रणगाड्यांवरच होती. अशा रणगाड्याला १९४५ चा रंग द्यावा तर १९६५ पुसला जातो. १९६५ चा ठेवावा तर साम्राज्याच्या सैन्यात लढलेल्या आपल्या माणसांचा काळ झाकला जातो. अहमदनगर येथे (२०२४ पासून ज्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर आहे) १९९४ पासून असलेल्या रणगाडा संग्रहालयात हिंडणाऱ्याने हा प्रश्न मनात बाळगून पाहावे. प्रत्येक जुन्या रणगाड्याला कोणते तरी एकच वर्ष बहाल करणे हे किती मोठे अर्थनिर्णयन आहे हे त्यातून लक्षात येईल. युरोपात बहुसंख्य संग्राहकांचा ओढा जून १९४४ कडे, नॉर्मंडीकडे असतो. विजयाचा क्षण सर्वांनाच हवासा वाटतो. वाहनाची उरलेली वर्षे जणू प्रक्षिप्त ठरविली जातात.

रंगापाठोपाठ चिन्हे येतात. एखाद्या गाडीवर विशिष्ट पलटणीचे चिन्ह रंगविणे म्हणजे ही गाडी त्या पलटणीत होती, ती माणसे हिच्यात बसली होती, कदाचित हिच्यातच मेली, असे म्हणणे. पुरावा नसताना केलेले हे विधान छटेतील चुकीसारखे क्षम्य नाही. छटा चुकली तर एका वस्तूविषयी गैरसमज होतो. चिन्ह खोटे असेल तर मृतांच्या नावावर साक्ष दिली जाते.

अचूकतेच्या या ध्यासात एक आत्मवंचनाही संभवते. १९३९ च्या सप्टेंबरात पोलंडमध्ये घुसलेल्या रणगाड्याचा करडा आणि तपकिरी रंग शास्त्रशुद्ध प्रमाणात साधला की कर्तव्य पूर्ण झाले असे वाटू लागते. तो रंग कोणत्या कामासाठी फासला होता हा प्रश्न मागे पडतो. तपशिलाविषयीची निष्ठा हा सत्याचा एक भाग आहे, पण ती संपूर्ण सत्याची जागा घेऊ लागली की पळवाट बनते. कृतीच्या रूपबंधाचे सूक्ष्म वर्णन करीत राहून तिच्या आशयाविषयी मौन पाळणारी समीक्षा आपल्याला अपरिचित नाही. तिचे वर्णन बहुधा अचूकच असते, आणि तरीही काहीतरी टाळलेले असते.

म्हणून पुनर्स्थापकाकडून अपेक्षा करावयाची ती अशक्य अचूकतेची नव्हे. उपलब्ध पुराव्याने ज्या पट्ट्यापर्यंत पोचता येते त्यात राहावे. त्यापैकी कोणत्या क्षणाची, कोणत्या आधाराने निवड केली ते उघड सांगावे. आणि आपल्या निर्णयाला चूक ठरवू शकेल असा पुरावा आपल्याच हाताने नष्ट करू नये. यांतील शेवटची अट सर्वांत कठीण आहे, कारण ती कामाच्या डौलाला बाधा आणते : चकाचक उभ्या राहिलेल्या गाडीच्या एका कोपऱ्यात सोललेला, डागाळलेला चौकोन राहतो आणि पाहणाराला तो खटकतो. तो खटकलाच पाहिजे. भूतकाळाविषयीचे कोणतेही सचोटीचे विधान, मग ते रंगातले असो वा ग्रंथातले, स्वतःच्या खंडनाची सामग्री जवळ बाळगूनच उभे राहते.